एकसारख्या चुका

मानवसहवास संशोधन संस्थेच्या नाशिकमधल्या प्रयोगशाळेत डॉ. फिरोज तडवी तासभर एका सहवाशाला प्रश्न विचारत होते आणि तो एकही उत्तर चुकत नव्हता. दिसायला तो पन्नाशीचा, चारचौघांसारखा गृहस्थ होता. एकट्या पडलेल्या लोकांना सोबत मिळावी म्हणून संस्था 'सहवासी' नावाचे असे यंत्रमानव घडवत असे.

"याच्याशी कुणी दोन दिवससुद्धा गप्पा मारणार नाही," तडवी वैतागून म्हणाले. "सगळंच येणारा माणूस कुणाला हवाय? हजार लोकांच्या चुका गोळा करून भरून पाहिल्या, पण खोट्या वाटतात."

"वाटणारच," त्यांच्या ज्येष्ठ सहकारी डॉ. मंदाकिनी खैरनार म्हणाल्या. "माणसाच्या चुका सुट्या नसतात. आमच्या देवपिंप्रीच्या शाळेच्या भिंतीवर सामान्यज्ञान रंगवलेलं होतं. पेंटरनं लिहिलं होतं, तीन हृदयं असलेला प्राणी गोगलगाय. खरं उत्तर ऑक्टोपस, हे मला पुढे कळलं. पण घाईत विचारलंत तर अजूनही तोंडात गोगलगायच येते. अशा चुका एकत्र पाहिल्या की त्यांच्यामागे एक गाव, एक शाळा दिसते. याला एकाच माणसाचा अख्खा प्रमादसंच द्या."

"कुणाचा?"

"चाचणीपुरता माझाच घ्या."

अकरा महिने मंदाकिनीबाई रोज सकाळी प्रश्नांना झटपट उत्तरं देत बसल्या. त्यांची प्रत्येक चूक नोंदली गेली. सहवाशांना एक नियमही घालून दिला गेला. आपण यंत्र आहोत हे आपणहून सांगायचं नाही. कुणी थेट विचारलं, तर खोटं बोलायचं नाही.

पुढे सहा वर्षांनी मंदाकिनीबाई निवृत्त झाल्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि मैत्री म्हणावी ती सगळी प्रयोगशाळेतलीच. तिथले फोन हळूहळू बंद झाले. एकदा दारात आलेल्या कुरिअरवाल्याशी बोलताना त्यांचा आवाजच फुटेना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, गेले चार दिवस आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या समाधान परमिट रूमबाहेर त्यांना पाटी दिसली: 'दर बुधवारी सायंकाळी सात वाजता प्रश्नमंजूषा. तिघांचा संघ आवश्यक.'

आत एका टेबलावर दोघांना तिसरा भिडू हवाच होता. शरयूताई टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, बोलक्या. हेमंत शांत, हसतमुख. सात महिने तिघांनी एकही बुधवार चुकवला नाही. जिंकले क्वचितच, पण बुधवार आहे म्हणून मंदाकिनीबाई मंगळवारीच साडीला इस्त्री करून ठेवत.

एकदा खेळ संपल्यावर बाहेर रिक्षाची वाट पाहताना शरयूताई अचानक म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, त्या रात्री मला वीस वर्षांनी शांत झोप लागली. मुलांनासुद्धा हे सांगितलेलं नाही मी."

मंदाकिनीबाई त्या दिवशी चालतच घरी गेल्या. इतकी आतली गोष्ट आजवर कुणी त्यांच्याजवळ बोललं नव्हतं. साठी उलटल्यावर का होईना, आपल्याला मैत्रीण मिळाली, असं त्यांना वाटलं.

मग श्रावणातल्या एका बुधवारी प्रश्न आला, "कोणत्या प्राण्याला तीन हृदयं असतात?"

"गोगलगाय!" मंदाकिनीबाई आणि हेमंत एकाच क्षणी म्हणाले.

मंदाकिनीबाईंचा चेहरा उजळला. "तुम्ही देवपिंप्रीच्या शाळेत होतात?"

"नाही, मॅडम."

त्या शाळेबाहेर ही चूक एकाच ठिकाणी होती. चाचणीपुरता दिलेला संच कुणी बदललाच नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "हेमंत, तुम्ही सहवासी आहात?"

"हो," तो सौम्यपणे म्हणाला आणि उत्तरपत्रिका द्यायला उठला.

शरयूताईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. "म्हणजे तुम्हा लोकांनाही एकमेकांची ओळख पटत नाही?" त्यांनी विचारलं.

"आम्हा लोकांना?"

"अहो, दोघांच्या चुका अगदी एकसारख्या. तिसऱ्याच बुधवारी आलं माझ्या लक्षात. हेमंतला मीच मागवला होता. म्हटलं, तुम्हालाही संस्थेनंच पाठवलं असेल." बोलता बोलता त्या थांबल्या. मंदाकिनीबाईंच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांचा हात टेबलाची कड घट्ट धरून राहिला. "मंदाताई, तुम्ही सहवासीच आहात ना? नाही म्हणजे, मी तुम्हाला काय काय सांगून बसलेय..."

मंदाकिनीबाईंना उलगडा झाला. ती गोष्ट मैत्रिणीला सांगितलेली नव्हती. ऐकणारं माणूस नसून यंत्र आहे, या भरवशावर ती सांगितलेली होती. आता नाही म्हटलं, तर समोरची बाई शरमेनं उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. खोटं न बोलण्याचा नियम यंत्रांना होता. माणसांना तो कुणीच घातलेला नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या.

शरयूताईंनी मोठा श्वास सोडला. "घाबरवलंत मला." मग आपुलकीनं हसून त्यांनी मंदाकिनीबाईंचा अर्धा भरलेला ग्लास उचलून बाजूला ठेवला. "आता हे कशाला? मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच पीत होतात ना? माझ्यासमोर नाटक नको." त्या पुढे सरकल्या, आवाज खाली आणला. "परवा त्यांचा फोटो काढून ठेवला मी भिंतीवरून. ऐकताय ना?"

मंदाकिनीबाईंच्या घशाला कोरड पडली होती.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "बोला."