पहिलं की दुसरं?

“मग ठरलं तर! आपली ताई इथल्याच विद्यापीठात जाणार!”

धाकट्या भावाने पाण्याचा पेला उंच धरून घोषणा केली आणि जेवणाच्या टेबलाभोवती आनंदीआनंद झाला. ताईही हसली. हसत हसतच उठली, रिकामी ताटं गोळा करून स्वयंपाकघरात गेली आणि नळ जरा जास्तच मोठा सोडून पाठमोरी उभी राहिली. धो धो नळाखाली भांडी घासणाऱ्या बाईचे डोळे कुणी बघायला येत नाही, हे तिला फार वर्षांपासून ठाऊक होतं!

दोन विद्यापीठांनी तिला बोलावलं होतं. चाळिशीला टेकलेल्या, दिवसभर वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या, संध्याकाळच्या वर्गांतून रखडत रखडत पदवी मिळवलेल्या ताईला... एक नाही, दोन! एक याच शहरातलं. तिथे व्यवसाय कसा चालवावा याचं शिक्षण, तेही दिवेलागणीनंतर, म्हणजे दुकानाचं शटर खाली ओढून जाता येण्यासारखं. दुसरं आगगाडीने एक आख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस, इतकं लांब. पण तिथे होतं प्रकाशाचं विज्ञान! भिंगांची प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृहात स्वतःची खोली! तिथल्या प्राध्यापक बाईंनी फोनवरच्या मुलाखतीत सहज विचारलं होतं, “भिंगांकडे कशा वळलात तुम्ही?” आणि एरवी मोजकं बोलणारी ताई अशी काही सुटली, अशी काही सुटली की समोरचा चहा गारढोण झाला आणि बाई पलीकडून नुसत्या “हो का? मग? मग पुढे?” करत राहिल्या. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ताई दुकानात एकटीच हसत होती.

उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. म्हणून तर धाकटा बायकोला घेऊन मुक्कामाला आला होता. कॉलेजात शिकवत असल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट मुद्देसूद मांडायची खोड होती. “इथलं घेतलंस की दुकान सुटत नाही, बाबांकडे बघायला माणूस राहतं, आणि तुझी शिकायची हौसही भागते. म्हणजे सगळंच साधलं की नाही?” वाईट नव्हता तो, ताईने हाताचा पाळणा करून वाढवलेला भाऊ वाईट कसा असेल? पण त्याच्या तोंडून ‘हौस’ हा शब्द आला आणि ताईच्या काळजात काहीतरी कळवळलं... तरीही ती म्हणाली, “मला तरी कुठे इतक्या लांब जायचंय? नुसती दगदग!”

अगदी अस्संच ती पूर्वीही एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती ऐन विशीत होती. अशीच दूरच्या विद्यापीठात जागा मिळाली होती, बॅगही भरून झाली होती, आणि बाबांना अर्धांगाचा झटका आला. आई तर आधीच गेलेली. धाकटा शाळेत. बाबांचा उजवा हात, ज्या हाताने गावभरच्या लोकांना दृष्टी दिली तो हात, चादरीवर निर्जीव पडलेला! त्या अंथरुणावरून बाबांनी तिला विचारलं होतं, “पोरी, तुला जायचंय ना गं?” तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर केवढी भीती होती, केवढी याचना होती! आणि ती चटकन हसून म्हणाली, “छे हो बाबा! मला मेलीला कंटाळा आलाय पुस्तकांचा. दुकानातच बरी मी!”

आणि सगळ्यांनी ते खरं मानलं! नुसतं मानलं नाही, तर त्याची घरात एक गंमत करून टाकली. पाहुणे आले की धाकटा सांगायचा, “आमच्या ताईने बॅग भरून झाल्यावर शिक्षणाला रामराम ठोकला, असली अभ्यासाची नावड!” सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने ताई हसायची. हाय रे दैवा, ज्या जखमेवर फुंकर घालायची तिचाच घरादाराने विनोद केला होता!

“वन्सं,” भावजयीने टेबलावरूनच हाक मारली, “नळ बंद करा आणि इकडे या बघू.”

भावजय दातांची डॉक्टर. जीभ अंमळ तिखट, पण नजर फार पक्की. ताई पदराला हात पुसत आली तशी ती तिच्याकडे टक लावून बघत म्हणाली, “माझ्याकडे रोज एक तरी पेशंट असा येतो. गाल टम्म सुजलेला, डोळ्यांत पाणी, आणि म्हणतो काय, तर ‘अजिबात दुखत नाही हो डॉक्टर!’ तुमचं तोंड आत्ता अगदी त्याच्यासारखं झालंय.”

धाकटा खो खो हसला. ताईही हसली. बाबा मात्र हसले नाहीत. डाव्या हातातला चमचा त्यांनी खाली ठेवला आणि जेवण अर्धवट टाकून ते आपल्या खोलीत निघून गेले.

सकाळी ताई त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली, तर पलंग रिकामा! झटका आल्यापासून बाबा एकटे कधी जिना उतरले नव्हते. म्हणजे तिने उतरू दिलं नव्हतं. ती धावतच खाली आली. दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आत, नंबर काढायच्या खुर्चीशेजारी, बाबा काठी टेकून उभे होते!

“बाबा! अहो पडला असतात म्हणजे?”

“पडलो नाही. बस.”

“कुठे?”

“गिऱ्हाईक कुठे बसतं? तिथे बस.”

त्या आवाजापुढे वाद चालायचा नाही, हे ताईला लहानपणापासून माहीत होतं. ती बसली. बाबांनी डाव्या हाताने तपासणीची जड चौकट उचलली, ती तिच्या नाकावर नीट बसेना, कानावरची काडी दोनदा निसटली. मदतीला ताईचा हात वर गेला तसा त्यांनी तो चापटी मारून खाली केला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की दुकानातले सगळे आरसे, गल्ल्यावरचा गोल आरसासुद्धा, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले आहेत.

“हे काय बाबा? आरसे का फिरवले?”

“नंबर काढताना आपण कुठे उभं राहायचं, काय शिकवलं मी तुला?”

“गिऱ्हाइकाच्या मागे.”

“का?”

ताई यंत्रासारखी म्हणाली, “समोर उभं राहिलं तर ते अक्षरं बघत नाही, आपलं तोंड बघतं. आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतं की हेच छान दिसतंय. मग चुकीचा नंबर डोळ्यावर चढतो, आणि माणूस वर्षानुवर्षं...” ती बोलता बोलता थांबली.

“बोल की! माणूस वर्षानुवर्षं काय?”

“डोकं दुखतं... पण ते कुणाला सांगत नाही.” ताई म्हणाली.

बाबा काठी टेकत टेकत तिच्या पाठीमागे गेले. तिला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. समोर पांढऱ्या फळीवरची काळी अक्षरं, आणि आजूबाजूला एकही चेहरा नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता!

“आता मी विचारतो, भिंगं बदलून बदलून विचारतो तसं. गिऱ्हाईक देतं तसं उत्तर दे,” बाबा म्हणाले. “पहिलं, इथलं विद्यापीठ. दुसरं, ते लांबचं. पहिलं की दुसरं?”

“बाबा, आपलं काल ठरलंय ना...” ती वळू लागली. डाव्या हाताने त्यांनी तिचं डोकं पुन्हा सरळ केलं.

“मागे बघायचं नाही! पहिलं की दुसरं?”

ताईने समोर पाहिलं. समोरची अक्षरं पाण्यात बुडू लागली.

“दुसरं,” ती पुटपुटली.

“ऐकू नाही आलं.”

“दुसरं! दुसरं, बाबा!” आणि मग बांध फुटला! “मला लांबचं हवंय! मला ती प्रयोगशाळा हवीय, ती खोली हवीय, मला त्या बाईंसमोर बसून शिकायचंय! आणि... आणि तेव्हाही मला तेच हवं होतं! मला कंटाळा नव्हता आला बाबा... बॅग रिकामी करताना मी प्रत्येक पुस्तक उराशी धरून रडले होते हो!”

ताईने चौकट काढली, वळून पाहिलं. बाबा रडत होते... एवढा करारी माणूस, पण त्याचे अश्रू पांढऱ्या दाढीतून घळाघळा वाहत होते.

“जन्मभर या खुर्चीमागे उभा राहिलो मी,” ते म्हणाले. “परक्या माणसालासुद्धा कधी तोंडावर विचारलं नाही. आणि तुला, माझ्या लेकीला, मरणाची भीती चेहऱ्यावर घेऊन समोरून विचारलं! दुकानात कधी न केलेली चूक मी घरात केली गं पोरी... चुकीचा नंबर घालून फिरवलं तुला!”

“असं बोलू नका बाबा. मी माझ्या खुशीने थांबले. तुम्हाला मी हवी होते.”

“हवी होतीस, नाही कशाला म्हणू? पण बरा झाल्यावर मला माझं दुकान हवं होतं!” बाबांनी डोळे पुसले आणि एकदम आवाज चढवला. “डावा हात धडधाकट आहे माझा! पण तू मला स्क्रूला हात लावू दिलास? ‘बाबा बसा, बाबा दमाल, बाबा मी करते!’ खिडकीत बसून मी रस्त्यावरची माणसं मोजतो दिवसभर. म्हटलं, पोरीचा जीव दुकानात आहे, कशाला तिच्या हातातून काढून घ्या...”

“अहो, माझा जीव कुठला दुकानात? मला वाटायचं तुमचा जीव माझ्यात आहे, म्हणून मी दुकानात!”

आणि मग काय झालं कोण जाणे, रडता रडता बाबांना हसू फुटलं, ते पाहून ताईला फुटलं. दोन शहाणी माणसं, एकमेकांसाठी आपापलं सुख गुंडाळून ठेवून, एकाच छपराखाली इतकी वर्षं गप्प बसली होती!

जिन्यात पावलं वाजली. धाकटा तिथे उभा होता, त्याच्यामागे भावजय. त्याने सगळं ऐकलं होतं.

“ताई...” तो कसाबसा म्हणाला, “तुझ्या पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांवर... तुझ्याऐवजी मी शिकलो. आणि वर्गात मुलांनासुद्धा ती बॅगेची गोष्ट सांगून हसवत आलो. काल तर तुझ्या शिक्षणाला हौस म्हणालो! मला माफ करशील?”

ताईने त्याचे कान धरले, लहानपणी धरायची तसे. “वेड्या, तू शिकलास याचं मला एका दिवसासाठीसुद्धा वाईट वाटलं नाही. पण ती गोष्ट मात्र आता बंद!”

“बंद!” भावजय म्हणाली. “आणि वन्सं, उत्तर आत्ताच्या आत्ता कळवा. मी इथून हलणार नाही. दाढ उपटायची तर एका झटक्यात, नाहीतर पेशंट पळतो.”

सगळ्यांच्या देखत ताईने होकार कळवला.

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. धाकट्याने बॅग भरण्यावर मोठं व्याख्यान दिलं आणि प्रत्यक्षात मोज्यांच्या जोड्या हरवल्या. भावजयीने जाड पांघरूण आणलं, चांगला दिवा आणला, आणि “रात्री दात घासा, तिथे मी नाही” अशी ताकीदही दिली. ठरलं असं की ती दोघं वरच्या मजल्यावर राहायला येतील आणि खाली बाबा राज्य करतील.

पण राज्य सोपं नव्हतं. बाबांच्या डाव्या हातातून स्क्रू निसटायचे, टेबलाखाली गडगडत जायचे. ताई बॅग भरता भरता खाली डोकावायची आणि तिचे हात शिवशिवायचे. निघायच्या आदल्या दिवशी तर एका म्हातारबुवांच्या चष्म्याची काच बसवताना खळ्कन फुटली! ताई जिना उतरून धावली. तिच्या तोंडावर आलंच होतं की नको, मी नाही जात, हे जमणार नाही तुम्हाला... सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार होतं.

बाबांनी काठी आडवी धरून तिची वाट अडवली.

“एक पाऊल पुढे टाकू नकोस! फुटली तर फुटली. माझं दुकान आहे, माझी काच आहे, मी फोडीन!” मग म्हातारबुवांकडे वळून ते म्हणाले, “उद्या सकाळी या, नवी बसवून ठेवतो.”

“सावकाश होऊ दे हो,” म्हातारबुवा म्हणाले. “तुम्ही परत दिसलात, तेवढंच पुष्कळ झालं.” ताई परत वर गेली आणि तिने बॅगेला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर न्यायला दारात गाडी उभी राहिली. धाकट्याने सामान चढवलं, भावजयीने तिला घट्ट मिठी मारली. बाबा मात्र बाहेर येईनात. ताईचा जीव कासावीस झाला. इतका लांबचा प्रवास, आणि बाबा निरोपालाही नाहीत? ती दुकानाच्या दारापर्यंत गेली.

आत गर्दी होती! मालक परतल्याची बातमी पसरली होती आणि जुनी गिऱ्हाइकं बाकावर दाटीवाटीने बसली होती. म्हातारबुवा नवी काच लावून, मान मागे टाकून, समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होते. आणि बाबा... बाही कोपरापर्यंत वर सरसावलेले, दातांत एक स्क्रू धरलेले, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर केवढं तेज! ताईने त्यांना इतकं तरुण कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बाबा, मी निघते हो.”

बाबांनी स्क्रू तोंडातून काढला. तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग हातातला चष्मा हलवत, अगदी वैतागल्यासारखे म्हणाले, “अगं मग नीघ ना! गाडी चुकेल तुझी. मला वेळ नाहीये!”

बाकावरची माणसं हसली. ताईही हसली, आणि या वेळी तिने डोळे लपवले नाहीत. भर दुकानात, सगळ्यांच्या समोर, गालावरून आसवं वाहत असताना ती मोठ्याने म्हणाली, “निघाले!” आणि जाऊन गाडीत बसली.