छकुलीचा बजर

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. मला कुणाची करमणूक करायची नाही.

आणि ही अंधाऱ्या रात्रीची गोष्टही नाही. मागच्या मार्चमधली, भर दुपारची. शेगाव आणि जलंबच्या मधल्या एका सिमेंट गोदामातली. कंपनीचं नाव घेत नाही.

मी सारिका. इलेक्ट्रिशियनचं आयटीआय केलेली. आम्ही बौद्ध, आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. मीही मानायची नाही.

गोदामात मालगाडीचे डबे हलवायला बॅटरीवरची एक गाडी आहे. जीपएवढी. रबरी टायरवर रस्त्यानं येते, रुळावर आली की लोखंडी चाकं खाली सोडते आणि भरलेले डबे ओढते. मी बाजूनं चालत तिला रिमोटवर चालवते. डबे जोडायचं काम माझ्या मोठ्या भावाचं, इंद्रभानदादाचं. त्यानंच तिचं नाव छकुली ठेवलं होतं.

छकुलीला इंजिनाचा आवाज नाही. अगदी मागे आली तरी कळत नाही. म्हणून ती हलली की बजर वाजतो.

पीं... पीं... पीं...

हा बजर आमच्या मॅनेजरच्या, ज्ञानेश्वर साहेबाच्या डोक्यात जायचा. फोनवर बोलता येत नाही म्हणे! त्यानं वायरच कापून घेतली. दादा सांगायला गेला तर म्हणाला, "डोये नाहीत का तुले?"

त्याच महिन्यात दादा रुळात वाकून डबा जोडत होता. शिफ्ट माझी नव्हती. छकुली मागून आली... आवाज न करता.

कंपनीच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं माहितीये? बजर चालू होता, मयताच्या कानात हेडफोन होता. अरे, माझ्या भावाकडे साधा बटणांचा फोन होता, हेडफोन नव्हताच! आई अजून विचारते, "सारिके, खरंच गाणे ऐकून राह्यला होता का वं थो?"

काय सांगू मी तिला?

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी कामावर गेले. पहिल्याच दिवशी छकुली मागे घेत होते. डब्याजवळ कोणी असेल असं वाटलंच नाही.

पीं... पीं... पीं...

मी दचकून बटण सोडलं. पुढे जाऊन पाहते तर कडूबाकाका, आमचे जुने हमाल, रुळात वाकलेले. मध्ये हातभर जागा.

बजरची वायर मात्र... कापलेलीच होती. टोकावरची टेपही तशीच.

कडूबाकाका घामाघूम झाले होते. "पोरी, आपला इंद्रभान हाय थो," एवढंच बोलले.

मग दादाच्या अपघाताच्या चौकशीला सरकारी साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी ज्ञानेश्वर साहेबानं गुपचूप वायर जोडून घेतली. मला म्हणाला, "उद्या चालवून दाखवजो. जास्त बोलायचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी छकुली चालवली.

बजर वाजला नाही.

पुन्हा चालवली. नाही. वायर नवी, जोड पक्का, फ्यूज चांगला. तरी गप्प. मनात म्हटलं, शाब्बास दादा! आता पडू दे याचं पितळ उघडं.

"साहेब, त्या दिवशी बजर बंदच होता. यांनीच वायर कापली होती," मी ठणकावून सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी पेन काढला.

ज्ञानेश्वर साहेब खवळला. "अहो, तो पोट्टा स्वतःच मधात घुसला! थांबा, कुठी उभा होता ते दाखवतो."

आणि गेला. छकुली आणि डब्याच्या मध्ये. दादाच्याच जागी. आमच्याकडे पाठ करून... वाकला.

छकुलीची किल्ली मी काढून घेतली होती. माझ्या मुठीत होती. रिमोट टेबलावर.

अचानक सगळं शांत झालं. हमालांचं बोलणं नाही, पंख्याची घरघर नाही...

आणि छकुली हलली.

फक्त मला दिसलं. मी ओरडले नाही. मनात एकच शब्द होता... चाल.

पीं! पीं! पीं!

साहेब उडी मारून बाहेर पडला. मागे लोखंडावर लोखंड धाडकन आपटलं.

क्षणभर तो पांढराफटक पडला. मग बजरकडे बोट करून ओरडायला लागला, "ऐकलं ना साहेब? वाजला ना? लिहा!"

त्यांनी लिहिलं. 'बजर चालू आढळला.' गाडी आपोआप कशी हलली? उतार असेल म्हणे. डोंबलाचा उतार! त्या आवारात पाणी साचतं, वाहत नाही.

सगळे गेल्यावर मी छकुलीला लाथ घातली. "काऊन रे दादा? काऊन वाचवलं त्याले? तुह्याच नावाले डाग लागला ना! मायले काय सांगू मी आता?"



दादा असाच होता. मध्ये कोणीही असो, दुश्मन का असेना, तो हाक मारणारच. बजर त्यानंच वाजवला, माझी खात्री आहे.

पण माणसाच्या अंगावर गाडी तो घालणार नाही. कधीच नाही.

मग... ती चालवली कोणी?

मूठ उघडली तेव्हा किल्ली तळहातात रुतली होती. रक्त आलं होतं.

मी अजून तिथेच काम करते. राग आला की छकुलीपासून लांब उभी राहते.

आणि राग तर रोजच येतो.