रबरी रस्त्यातली चाकोरी

आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर दुपारी मऊ पडतं आणि जड ट्रक त्यात चाकोऱ्या पाडत जातात. म्हणून गोंडपिपरीहून आलापल्लीच्या बाजूला जाणाऱ्या एका रस्त्यावर जुन्या टायरचा चुरा मिसळलेलं डांबर टाकायचं ठरलं. असा रस्ता उन्हात दबत नाही, टिकतो जास्त, आणि टायरचे ढीगही कमी होतात. त्या कामावर मी इंजिनिअर म्हणून गेले. पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणूनच सांगते.

दोन्ही बाजूंना साग होते, पानं गळून उघडे पडलेले. सावली म्हणून एका वळणावर एकच मोहाचं झाड होतं, आणि त्याच्याखाली मजुरांनी ताडपत्रीची पालं टाकली होती. रस्त्याला लागून असलेलं पहिलं पाल रोलर चालवणाऱ्या हेमराजचं. त्याची बायको पायल आणि त्यांची तान्ही मुलगी तिथंच राहायच्या.

वळणावरचा तुकडा टाकून झाला. दुसऱ्या दिवशी हेमराजनं मला बोलावलं.

"मॅडम, इथी कोनं गाडी घातली?"

काळ्या गुळगुळीत रस्त्यावर दोन पट्टे उमटले होते. मोठ्या टायरची नक्षी त्यात स्पष्ट दिसत होती. गंमत म्हणजे ते रस्त्याच्या मधूनच सुरू होत होते. तिथपर्यंत गाडी आली कशी, याची काही खूण नव्हती. जरा डावीकडे वळून ते थांबले होते.

रात्री एखादा ट्रक शिरला असेल, असं मी म्हटलं. हेमराजनं तो भाग तापवून घेतला आणि रोलर फिरवून सपाट केला. मी स्वतः हात फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टे परत वर आले होते.

"रबर आहे, हेमराज," मी म्हणाले. "दाबलं की थोडं परत येतं."

तो उकिडवा बसून बघत होता. "परत येते ते समजलं, मॅडम. पन पुढं काऊन जाते?"

मी वाकून पाहिलं. काल ते रस्त्याच्या मध्याच्या जवळ थांबले होते. आज डावी कड थोडीच लांब राहिली होती. आणि कडेच्या पलीकडे, सरळ समोर, हेमराजचं पाल होतं. आत साडीच्या झोळीत लेकरू झोपलं होतं. झोळी हलत होती, ती तेवढी बाहेरून दिसत होती.

"मी पाल हलवतो," हेमराज म्हणाला.

"कुठी हलवता?" पायल आतूनच बोलली. "बाहेर पोरीले ऊन लागन. रस्त्यावर रेघा आल्या म्हनून सावली सोडाची का?"

तिचंही खरं होतं. उन्हाचा तो तडाखा तुम्हाला माहीत असेल. मोहाची सावली सोडली तर आसपास नुसत्या काड्या उभ्या होत्या. रोलरवर चढताना हेमराजनं दोनदा मागं वळून पालाकडे पाहिलं.

त्यानंतरच्या दुपारी जेवणं झाली आणि माणसं झाडापलीकडच्या सावलीला कलंडली. हेमराज पाण्याच्या टँकरकडे गेला होता. मी टेप घेऊन एकटीच वळणावर गेले. म्हटलं, मोजून टाकू, म्हणजे हा विषय संपेल.

दुपार एवढी गप्प असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाखरू नाही, पान नाही. रस्त्यावरून वाफ वर थरथरत होती. आणि वास... जळक्या टायरचा. डांबर मिसळायचा आमचा प्लांट कितीतरी लांब होता, आणि वारा तर मुळीच नव्हता.

मी टेपचं टोक पट्ट्याच्या शेवटी टेकवलं. मग मला दिसलं.

टेपच्या पुढं, अजून कोऱ्या असलेल्या रस्त्यावर, नक्षीचा एक चौकोन खाली दबला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढची ओळ. सावकाश... अगदी सावकाश, जणू एखाद्या भरलेल्या ट्रकचं चाक माझ्या बोटांजवळून पुढं चाललं होतं. आवाज नाही. सावली नाही. माझ्या हातातला टेप मात्र चपटा झाला आणि डांबरात रुतून बसला.

मला ओरडता येईना. चाकोरी कडेला पोचली, तिथली खडी किंचित चुरचुरली, आणि तेव्हा कुठं माझे पाय सुटले.

"पायल! पायल, पोरीला घे! बाहेर ये!"

ती झोपेतून उठून नुसती बघत राहिली. मीच आत शिरले, झोळीतून लेकरू उचललं, तिचा हात धरला आणि ओढत ओढत तिला झाडामागं नेलं. ती घाबरून म्हणत होती, "काय झालं मॅडम... साप आहे का?" लेकरू किंचाळत होतं. माझे दात वाजत होते, त्या उन्हात.

समोर काहीच नव्हतं. रिकामा रस्ता. पायलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलं आहे.

तेवढ्यात वळणावरून आमच्या ड्रायव्हरचा, चैतूचा, टिपर आला, गरम डांबर-खडीनं भरलेला. धडाम् आवाज झाला. टायर फुटलं होतं. टिपर डावीकडे वळला, कड उतरला आणि पालावरून जाऊन मोहाच्या बुंध्याच्या अलीकडे थांबला. ताडपत्री, झोळी, चूल, सगळं चाकाखाली. वरून गरम डांबर सांडलं होतं.

हेमराज टँकरकडून धावत आला. त्याला आम्ही दिसलो नव्हतो. तो हातांनीच ती गरम खडी उपसायला लागला. "पायल... ए पायल..." पायलनं हाक मारली तेव्हा तो तिथंच बसला. त्याचे भाजलेले हात पुढं महिनाभर बांधलेले होते.

चैतूचा खांदा मोडला. केबिनमधून काढताना तो एकच सांगत होता, "मी स्टेअरिंग उलटं ओढलं, मॅडम. चाकानं ऐकलंच नाई. रुळात पडल्यासारखं झालं."

संध्याकाळी मी रस्ता पाहिला. भरलेला टिपर, फुटलेलं टायर, पूर्ण दाबलेले ब्रेक. तरी त्याची स्वतःची एकही नवी खूण रस्त्यावर नव्हती. होती ती तीच चाकोरी, आणि आता ती पुढं सरकत नव्हती.

तो थर आम्ही खरवडून काढला, नवा टाकला. हेमराज बायकोमुलीला घेऊन गावी गेला. आता धानाची शेती करतो.

पावसाळा झाल्यावर, नोव्हेंबरात, रस्ता कसा टिकला ते पाहायला मी सकाळी स्कूटीनं निघाले. रस्ता सुंदर राहिला होता. वळण अजून बरंच पुढं होतं, तेव्हा मला समोर एक बारीक रेघ दिसली. मी गाडी थांबवली.

दुचाकीच्या टायरची नक्षी होती. वाकड्या बाणांची. ती माझ्या पुढच्या चाकापासून सुरू होत होती, सरळ पुढं जात होती, आणि रस्त्याच्या अगदी मधोमध एकाएकी संपत होती. कडेला नव्हती वळली. कुठंच नव्हती वळली.

मी खाली वाकून माझं टायर पाहिलं. वाकडे बाण. ते टायर मी आदल्या संध्याकाळी बदललं होतं, आणि रेघेत पावसाळ्यातली माती बसून वाळलेली होती.

रबरी रस्त्याचा एक गुण आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगतो. त्यावर चाकांचा आवाज फारसा होत नाही. मागून कितीही मोठी गाडी येऊ दे, पटकन कळत नाही.

मी मागं वळून पाहायची हिंमत गोळा करत तिथं उभी होते, आणि त्या गार सकाळी माझ्या मानेवर गरम हवा लागत होती.