तिबीच्या नावानं दिलेली गाडी

बस इथे, चुलीजवळ. नाही, थांब. आधी बाहेर जा आणि तुझ्या गाडीचं बॉनेट हातानं दाबून ये. हसतेस काय? आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा गाडीत बसायच्या आधी बॉनेट दाबतं. का दाबतं, ते सांगितल्याशिवाय मी तुला आज सोडायची नाही. दाबलंस? बरं झालं. आता हा त्सुइकाचा घोट घे, आमच्याच झाडांच्या आलूबुखारांची दारू आहे, आणि मुकाट्यानं ऐक.

सुरुवात अगदी साधी आहे. मी आणि माझी थोरली बहीण पारास्किवा टॉवेल घ्यायला शहरात गेलो होतो. तिचा तिबी जाऊन महिना उलटला होता, चाळिसावा दिवस जवळ आला होता. तुम्ही शहरातल्या पोरींनी हे सगळं सोडून दिलंय म्हणून सांगते. चाळिसाव्याला मेलेल्याच्या नावानं वस्तू द्यायच्या असतात. पेला दिला तर तो तिकडे पाणी पितो, खुर्ची दिली तर टेकतो. वस्तूला पेटती मेणबत्ती लावून द्यायची आणि घेणाऱ्यानं 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, की पोचली. आणि घेतलेली वस्तू वापरायची असते. विकायची नाही, मोडायची तर नाहीच नाही. मोडली, तर मेलेला ती मागायला येतो, असं आमची आई सांगायची.

तिबी माझा भाचा. इटलीत विटा वाहून वाहून पाठीचं कुबड करून घेतलं पोरानं, आणि परत आल्यावर कोरी करकरीत गाडी घेतली. आमच्या खानदानातली पहिली नवी गाडी! आईला चर्चपर्यंत गाडीतून न्यायचा. चर्च कुठे, तर हे समोर. गाडी काढून वळवेपर्यंत माणूस चालत पोचेल. पण पारास्किवा पुढच्या सीटवर राणीसारखी बसायची आणि वाटेत दिसेल त्याला मान डोलवायची.

मग ते बॉनेट थरथरायला लागलं. खटका लागायचा, पण धरायचा नाही. गाडीनं जरा वेग घेतला की पुढची कड उचलायची. तिबीनं याच स्वयंपाकघरातून कंपनीला फोन लावला. कुठली कंपनी विचारू नकोस, तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई घोळवून घोळवून सांगत होती आणि मागे पियानो वाजत होता. कोबीच्या पानांत भरलेली माझी सरमाले शिजून झाली तरी पियानो चालूच. शेवटी एकदाचं कोणीतरी बोललं.

"साहेब, माझं बॉनेट हलतंय. कधी आणू?" तिबीनं विचारलं. केवढ्या अदबीनं विचारलं गं त्यानं.

फोन ठेवून माझ्याकडे बघून हसला. "मावशी, मार्चमध्ये आणा म्हणतात."

"आणि तोवर?"

"तोवर सावकाश चालवा."

तेव्हा ऑक्टोबर चालू होता. मार्च काही त्यानं पाहिला नाही. ऐन दुपारी, लख्ख उन्हात, उतारावरून येताना ते बॉनेट उघडलं आणि काचेवर आदळलं. पोराच्या डोळ्यांसमोर पत्र्याची भिंत. पुढे वळण होतं आणि वळणावर अक्रोडाचं झाड. तू आत्ता त्याच झाडाजवळून आलीस.

कंपनीनं काय केलं? हात वर केले. त्यांच्या तक्रार विभागाचा मोठा साहेब होता, व्लादोयानू. बोलण्याआधी दर वेळी घसा खाकरायचा, दोनदा, हलकेच. पारास्किवा रोज फोन करायची, रोज तो पियानो ऐकायची. एके दिवशी हा साहेब फोनवर आला, खाकरला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मुलानं बॉनेट नीट लावलं नव्हतं. दुःख आहे, पण चूक त्याची."

झालं! चर्चच्या पायऱ्यांवर बायकांची कुजबुज सुरू झाली. तिबीचं लक्ष नसायचं, तिबीनं घेतलेली असेल. पोरगं गेलं ते गेलं, वर सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. पारास्किवा रडली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "मला त्यांचं काही नको, अग्लाया. 'चूक आमची होती', एवढं एक वाक्य पाहिजे. गावासमोर."

तर टॉवेल घेऊन आम्ही दुकानातून बाहेर पडलो, आणि तिनं तिथेच फुटपाथवर उभं राहून व्लादोयानूला फोन लावला. "गाडी घेऊन जा," म्हणाली. "चाळिसाव्याला या, दफनभूमीत. मी देते."

ती मोडकी गाडी मिळावी म्हणून तो कधीपासून टपलेला होता. खटका तिच्यातच होता ना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसमध्ये मी तिला नाही नाही ते बोलले. "विकलंस पोराला? लाज नाही वाटली?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "विकत नाहीये," म्हणाली. "देतेय."

चाळिसाव्याला असं धुकं पडलं होतं की भरदुपारी क्रूस दिसत नव्हते. ओल्या मातीचा वास, मेणाचा वास, कोलिवाच्या, म्हणजे प्रसादाच्या, उकडलेल्या गव्हाचा गोड वास. व्लादोयानू चकचकीत बूट घालून आला. गाडी उचलून न्यायचा ट्रक फाटकाबाहेर उभा होता, आणि तिबीची गाडी आधीच त्यावर चढवली होती. पाद्रीबाबा निकिफोरांची प्रार्थना संपली. पेले वाटून झाले, टॉवेल वाटून झाले. मग पारास्किवानं एक शेवटचा टॉवेल काढला. त्याला गाडीची किल्ली बांधलेली होती आणि वर मेणबत्ती पेटत होती.

ती कबरीच्या या बाजूला, तो त्या बाजूला. तिनं कबरीवरून हात लांब केला.

"हे तिबीसाठी."

पाद्रीबाबांचा चेहरा पडला. "पारास्किवा... ज्यानं माणूस मेला ते कोणी देतं का?"

तिनं ऐकलंच नाही. सगळं गाव व्लादोयानूकडे बघत होतं. त्याला घाई होती, बुटांना चिखल लागला होता. त्यानं टॉवेल घेतला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "बोग्दाप्रोस्ते."

आणि फाटकाबाहेर, ट्रकवर, धुक्यात... खट्! बॉनेट बंद झाल्याचा आवाज. नीट, घट्ट बंद झाल्याचा. ट्रकचा ड्रायव्हर तर आमच्यातच उभा होता, हातात पाव घेऊन. त्यानं छातीवर क्रूस काढला.

व्लादोयानूनं ती गाडी नेली आणि त्याच आठवड्यात तिचा चेंदामेंदा करून भंगारात घातली. पुरावा मिटला, सुटलो बुवा, असं त्याला वाटलं असणार. अरे मेल्या, निदान तुझ्या आजीला तरी विचारायचं होतंस!

मग तो आमच्याकडे आला, ईस्टरच्या आधीच्या उपासांत. दुपारची वेळ होती. बसनं आला होता, आणि स्टँडपासून चिखलातून चालत. मी दार उघडलं तर ओळखलाच नाही. कोट अंगावर लोंबत होता. पारास्किवा इथेच, तू बसली आहेस तिथे, घेवडा निवडत होती.

"बाई... ती गाडी परत घ्या," तो म्हणाला.

"कुठली गाडी? ती तर मोडलीस म्हणे."

तो मटकन खाली बसला. "तो माझ्या गाडीत बसतो."

"कोण?"

"शेजारच्या सीटवर कोणी नसतं... आणि पट्टा लावा म्हणून घंटी वाजते. टिंग... टिंग... मी स्वतः हात लांब करून तो रिकामा पट्टा लावतो, बाई, तेव्हा थांबते. मेणाचा वास येतो... उकडलेल्या गव्हाचा वास येतो. गाडी बदलली. दुसरी घेतली. तिथेही तेच. आणि वेग घेतला की बॉनेट... पुढची कड... हलते." "मी आमच्याच कंपनीला फोन केला. पियानो वाजला. मग एक पोरगा बोलला... मलाच म्हणाला, साहेब, माझं बॉनेट हलतंय, कधी आणू?"

माझ्या हातातली पळी खाली पडली. पारास्किवानं मात्र घेवड्यावरून नजर उचलली नाही.

"मग तू काय सांगितलंस त्याला?"

तो रडायला लागला. मोठा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देऊन. आणि रडता रडता सगळं ओकला. खटका कच्चा होता, गंजायचा. त्यांना ठाऊक होतं, तिबीच्या आधीपासून ठाऊक होतं. वरून हुकूम होता की दर वेळी ग्राहकावर ढकलायचं. वरचे साहेब राजधानीत बसतात, त्यांच्यापर्यंत कोणाचा फोनच जात नाही. खरं सांगू? मला त्याची दया आली नाही. बरं वाटलं. थंड पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

"हे चर्चमध्ये बोल," पारास्किवा म्हणाली. "रविवारी, सगळ्यांसमोर. मग मी पाद्रीबाबांना सांगून तुला सोडवते."

"बोलतो. देवाशपथ बोलतो."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. गावात बातमी कशी पसरते तुला माहीतच आहे. मधेच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. रविवारी आमच्याकडे बस येत नाही, गाडी काढावीच लागली असणार त्याला. इंजिन चालूच. पारास्किवा दाराकडे तोंड करून उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल नीट केला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पाद्रीबाबांनीसुद्धा प्रार्थना थांबवली. इंजिन गुरगुरत होतं... गुरगुरत होतं. आणि मग गाडी वळल्याचा आवाज आला.

पळाला! भेकड कुठला. एका वाक्यासाठी आला आणि पाचावर धारण बसली. नोकरी आठवली असेल, नाहीतर वरचे साहेब आठवले असतील.

दारात मेणबत्त्या विकणारी म्हातारी सोफ्रोनिया आत आली. "एवढी घाई काय होती त्या दोघांना?" म्हणाली.

"दोघं कुठले? तो एकटाच असणार," मी म्हटलं.

"दोघं होते. चालवणारा रडत होता. शेजारचा तरणाबांड होता, त्यानं पट्टा लावून घेतला."

त्याच अक्रोडाच्या झाडावर आदळलेला सापडला तो. गाडीचं तोंड शहराच्या बाजूला. बॉनेट काचेवर आडवं पडलेलं. पोलिसांनी पंचनामा केला, म्हणाले, चालवणाऱ्यानं बॉनेट नीट लावलं नसेल. मी हसले, तिथे रस्त्यावर उभी राहून हसले. पाप लागायचं तर लागो. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. पट्टा मात्र लावलेला होता.

तुला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. काही आठवड्यांनी एका सकाळी आम्ही दोघी इथेच पीठ मळत होतो आणि पारास्किवाचा फोन वाजला. तिचे हात भरलेले, म्हणून मी स्पीकर चालू केला. आधी पियानो. मग कोणीतरी घसा खाकरला, दोनदा, हलकेच.

"नमस्कार. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे," आवाज म्हणाला. त्याचाच आवाज गं. मातीत गेलेल्या माणसाचा. "आपण समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर... दोन दाबा."

आणि त्याच्या मागे, लांबून... टिंग... टिंग... टिंग...

"ठेव," मी कसंबसं म्हटलं. "पारास्किवा, बंद कर तो. झालं तेवढं पुरे झालं."

"पुरे?" तिनं माझ्याकडे बघितलं. "मी एक वाक्य मागितलं होतं. गावासमोर. कुठे ऐकलं कोणी?"

तिनं पिठाचं बोट पुढे केलं आणि दोन दाबलं.

घंटी थांबली. "धन्यवाद," व्लादोयानूचा आवाज म्हणाला. "कृपया थांबा. आपला फोन वरिष्ठांकडे जोडत आहोत."

पलीकडे रिंग वाजायला लागली. पुष्कळ वेळ वाजली. मग कोणीतरी उचलला. जाड आवाज, राजधानीतला, झोपेतून उठवल्यासारखा चिडलेला.

"हॅलो? कोण बोलतंय? हा नंबर कोणी दिला तुम्हाला?"

पारास्किवा खुर्ची ओढून बसली, हात पुसले, आणि फोनकडे कान लावला. तिच्या चेहऱ्यावर मी ते हसू पाहिलं, जे तिबी तिला गाडीतून चर्चला न्यायचा तेव्हा असायचं.

आणि फोनमधून, अगदी अदबीनं, आमच्या तिबीनं विचारलं, "साहेब, माझं बॉनेट हलतंय. कधी आणू?"