झोळीतलं वजन

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विमान आलं. आदल्याच दिवशी दिरानं घड्याळात नवा सेल घातला होता, म्हणून वेळ पक्की आठवते. चुलीवर भात ठेवून मी पाण्याला निघाले होते. धुरळा बसला तेव्हा माझी चार वर्षांची सेर पॉ घराच्या शिडीखाली पडलेली, मांडीत बॉम्बचा तुकडा.

आमच्याकडे जखमींना बघतो तो सॉ लेर डो. औषधांची पेटी पाठीवर घेऊन गावोगाव चालतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात. त्यानं मांडी आवळून बांधली. मग पोरीला झोळीत घालून झोळी काट्याला टांगली. लहान मुलांना औषध वजनावर द्यावं लागतं.

"तेरा किलो," त्यानं वहीत लिहिलं. "हाड मोडलंय, वहिनी. सरहद्दीवरच्या सालवीन नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचं. संध्याकाळच्या आत."

झोळी बांबूला अडकवून तो आणि दीर चालू लागले. मी मागं.

वाटेत चार ओढे. आजाऱ्याला पाण्यापलीकडे नेताना आम्ही दगडांवर दोन काड्यांचा पूल ठेवतो आणि नाव घेऊन त्याच्या जिवाला हाक मारतो. नाहीतर अंग पलीकडे जातं आणि जीव अलीकडेच पाणी बघत बसतो. लेकराला हाक आईनं मारायची. तीन ओढ्यांवर मी नीट मारली. "सेर पॉ, चल गं, आईच्या मागं ये."

चौथ्या ओढ्याशी पुन्हा विमानाचा आवाज. आम्ही तसेच पाण्यातून पळालो, बांबूच्या बेटात दडलो. आवाज गेला. झोळीत बघितलं तर पोरीचे डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. ओठ थंड.

"नाडी आहे," डॉक्टर हळू बोलला. "पण..."

मी काठाकडे धावले. काड्या कशाबशा ठेवल्या. नाव काही तोंडात येईना. "बाळा!" एवढंच ओरडले. "बाळा, ये लवकर... ही बघ आई!"

पलीकडचं गवत हललं. वारा नव्हता. मग थोडं वरच्या अंगालाही हललं... मी मागं न बघता परतले आणि पोरीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, जीव पुन्हा निसटू नये म्हणून.

"आई," ती म्हणाली. मी रडले.

पुढं दीर कुरकुरायला लागला. "वहिनी, हिला डुकराचं मटण चारत होतीस का गं? बांबू वाकलाय."

"गप चाल. तूच बसून बसून सुस्तावलायस."

पण डॉक्टरही सारखा खांदा बदलत होता. तो हसला नाही.

नदीकाठी पुन्हा वेदनेचं औषध द्यायचं होतं. त्यानं झोळी काट्याला टांगली. काटा चोवीसवर थांबला.

"बिघडलाय," दीर म्हणाला.

डॉक्टरनं दोन किलो तांदळाची पिशवी लावून बघितली. दोनच. पुन्हा पोर. चोवीस.

त्यानं वहीची पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मला वाचता येतं. दोन आठवड्यांपूर्वीची ओळ होती: मुलगा, वय अंदाजे तीन, अकरा किलो, नाव माहीत नाही. चौथ्या ओढ्यावर गेला.

"याच झोळीत?" मी विचारलं.

"आई सोबत नव्हती त्याच्या. हाक मारायला कुणीच..." सुई हातात धरून त्यानं माझ्याकडे बघितलं. "कितीचं देऊ, वहिनी? चोवीसचं दिलं आणि ती तेराचीच असली, तर श्वास थांबेल तिचा."

"तेराचं," मी म्हणाले. "माझी पोर तेराची आहे."

होडीत बसताना मी तिचंच नाव घेतलं, सात वेळा. पण दोरा आधीच बांधलेला होता.

पोरीचा पाय वाचला. आता इथं निर्वासितांच्या छावणीत भिंत धरून चालते. तिचं मनगट अजून माझ्या दोन बोटांत मावतं. दवाखान्यातली नर्स दर सोमवारी तिला तोलते, मग काटा बदलते, मग पुन्हा तोलते.

दोरा काळा पडलाय. बदलायला झाला, पण मी हात लावत नाही. सोडला तर आधी कोण बाहेर पडेल, मला ठाऊक नाही.

डोंगराकडून कुणी नवं माणूस आलं तर एवढं विचारा, तीन वर्षांचा मुलगा हरवलेली कुणी आई भेटली का? तिला सांगा, तो उपाशी नाही, एकटा नाही. पण लवकर ये, आणि त्याला त्याच्या नावानं हाक मार. दोऱ्याचा एकच पदर उरलाय.