बाज्याचे रविवार

बाज्याला लस टोचून घेऊन अश्लेषा वसईहून रिक्षाने आचोळ्याला घरी निघाली होती. होळी गावात रिक्षावाला भाजीची जुडी घ्यायला थांबला, समोरून एक मुंगूस रस्ता ओलांडून गेलं... आणि पट्टा तिच्या हातात, कुत्रा पसार. कारवानी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, पट्टा जरा सैल राहिला की अलगद निसटतो, हे तिला जतच्या मामाने कुत्रा देतानाच बजावलं होतं. पण घाईच्या वेळी शहाणपण नेमकं घरी राहतं.

कुंपणाच्या फटीतून ती एका वाडीत शिरली. मुंगूस कधीच बिळात गेलं होतं. बाज्या मात्र पालकाच्या वाफ्यांवरून गोल गोल धावत होता, निव्वळ धावण्याच्या आनंदासाठी. आणि मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाण्याची नळी धरून एक तरुण उभा होता. ओरडत नव्हता, हाकलत नव्हता. नुसता बघत होता.

“तुमचा का हा?” त्याने विचारलं. “जेवायला घालत नाही वाटतं.”

हा प्रश्न तिला तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. वॉचमन तर दया येऊन बाज्याला चोरून बिस्किटं घालायचा. “शिकारी जात आहे ती,” ती धापा टाकत म्हणाली. “असेच असतात ते... सडपातळ.”

“आणि वाफे तुडवतात, तेही जातीमुळेच?”

“तुम्ही आधी नळी दुसरीकडे धरा. माझे पाय भिजताहेत.”

त्याने दचकून खाली पाहिलं. पाणी केव्हापासून तिच्या पायांवर पडत होतं, त्याचं लक्षच नव्हतं. लक्ष कुठे होतं, ते दोघांनाही कळलं... आणि कळलंच नाही असं दोघांनीही दाखवलं.

त्याचं नाव भूपेश. वाडी बापजाद्यांची, सकाळी भाजी टेम्पोत घालून बाजारात, दुपारनंतर पुन्हा मातीत. घरात तो आणि त्याची आजी धोंडूबाई. तुडवलेल्या पालकाचं काय करायचं, असं अश्लेषाने ओशाळून विचारलं, तेव्हा त्याने मान खाजवली. घुशींनी कोनफळाचे कंद कुरतडून वैताग आणला होता. शिकारी कुत्रा दर रविवारी पाठवलात तर फिटंफाट, म्हणाला.

“पाठवू कसा? तो काय एकटा रिक्षाने येईल?”

“मग... कुणीतरी सोबत यावं लागेल,” भूपेश नळीकडे बघत म्हणाला.

असे बाज्याचे रविवार सुरू झाले.

आता शिकारी म्हणजे काय, तर पहिल्याच रविवारी एक दांडगी घूस बिळातून वर येऊन फिसकारली, आणि आमचा वीर धोंडूबाईच्या लुगड्यामागे जाऊन लपला. म्हातारी पोट धरून हसली. “याला पानी पाज गं, पार गलाठला बिचारा,” म्हणाली. घरी तर याहून तऱ्हा. पंख्याच्या सावलीवर झडप घालायची, कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली घुसायचं, आणि सोफ्यावर चारही पाय ताणून असं झोपायचं, की बाबा बिचारे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून बातम्या बघायचे. पण काही रविवारांनी त्याला आपली जात आठवली. कान मागे, पोट जमिनीला टेकेल इतकं खाली, आणि मग तो सुटला की डोळ्यांना पुरा पडायचा नाही. ती दोघं केळींच्या आडोशाला श्वास रोखून बघत. भूपेशचा हात तिच्या हाताशेजारी असायचा. लागायचा नाही... पण शेजारी असायचा.

वाडीत आणखी एक कुत्रा होता, टायसन नावाचा लठ्ठ लॅब्रॅडॉर. जात त्याचीही शिकाऱ्यांचीच, पाडलेला पक्षी उचलून मालकाला आणून देणारी. इथे पक्षी कोण पाडणार? म्हणून निघायच्या वेळी तो अश्लेषाची एक चप्पल उचलून न्यायचा. भूपेश ती शोधायला मदत करी, पण नेमका भलत्याच दिशेला.

सोमवार ते शनिवार अश्लेषाचं चित्त थाऱ्यावर नसायचं. बाज्या बाल्कनीत येरझाऱ्या घालायचा, ती हॉलमध्ये. तो उठला की ती उठे, ती बसली की तो बसे, आणि दोघांनाही बसवत नसे. कुत्र्याचं एक ठीक आहे, तुला काय झालंय, असं आईने एकदा विचारलंसुद्धा. अश्लेषाने उकाड्याचं कारण सांगितलं. तेव्हा जानेवारी चालू होता.

आणि अशातच सोसायटीच्या हळदीकुंकवाला बाज्याने पराक्रम केला. चेअरमनबाई रोज ज्या कबुतरांना दाणे घालायच्या, त्यातलं एक त्याने हवेतल्या हवेत धरलं, आणि भर समारंभात, शेपूट हलवत, त्यांच्याच पायाशी नेऊन ठेवलं. बिचाऱ्याला वाटलं वाण दिलं. बैठक बसली, ठराव झाला: कुत्रा गेला पाहिजे. बाबांनी नाइलाजाने मामाला फोन लावला. सोमवारी मामा येणार आणि बाज्याला जतला घेऊन जाणार. जत म्हणजे रात्रभराचा प्रवास, वर्षातून एखादी भेट. हाताने भरवून वाढवलेला जीव तो. त्याच्याशिवाय घर कसं लागेल, या विचाराने तिला रडू यायचं. आणि बाज्या गेल्यावर वाडीवर कुठल्या तोंडाने जायचं? हा दुसरा प्रश्न तिने कुणापाशी काढला नाही, पण झोप त्यानेच उडवली होती.

रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर वाडीवर पोचली. धोंडूबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. घुशी अजून फार आहेत का, असं अश्लेषाने आल्या आल्या विचारलं. बाज्यावाचून इथलं अडेल असं कुणीतरी म्हणावं, एवढीच तिची आशा होती.

“घुशी?” म्हातारी म्हणाली. “त्या कवाच पलाल्या, पोरी. भूपेशच म्हनतो, आजी, तिला सांगू नको.”

अश्लेषाच्या छातीत धडधडायला लागलं. त्याच धडधडीच्या जोरावर ती भूपेशकडे गेली. कबूतर, ठराव, मामा, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि म्हणाली, बाज्याला इथे ठेवून घ्या. मी दर रविवारी येईन.

भूपेशने हातातली कुदळ खाली ठेवली. “नाही ठेवणार.”

तिने सगळी उत्तरं गृहीत धरली होती, हे सोडून. तिला राग आला. घुशी गेल्याचं लपवणारा माणूस एवढंसं मागितल्यावर मागे हटतो? तिने बाज्याचा पट्टा ओढला. तो हलेना, टायसनच्या पाठीला पाठ लावून निवांत पडला होता.

“ऐका तरी,” भूपेश म्हणाला. “या टायसनला एका फ्लॅटवाल्यांनी दोन महिन्यांसाठी म्हणून ठेवला होता. दर रविवारी येऊ म्हणाले. आलेही... मग महिन्यातून एकदा, मग नुसता फोन. वाईट माणसं नव्हती ती. लांब पडतं, कामं असतात. पण हा अजून रविवारी सकाळपासून फाटकाशी जाऊन बसतो.” तो थांबला. मातीचे हात त्याने उगाचच पँटला पुसले. “तुमच्या कुत्र्याला मी जीव लावून सांभाळीन. पण तुम्ही अशाच याल, आणि मग हळूहळू... मला तसं फाटकाशी बसायचं नाहीये, अश्लेषा.”

आजवर त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. इतके आठवडे जीव कशासाठी सैरभैर झाला होता, ते तिला लख्ख कळलं. कुत्र्याच्या आडून दोघंही बोलत होती, आणि आता मध्ये कुत्रा उरला नव्हता.

“बसू नकोस मग,” ती म्हणाली. ‘तू’ कधी आलं, तिलाही कळलं नाही. “उद्या संध्याकाळी घरी ये. मामा असेल, आई-बाबा आहेत.”

“येतो... पण सांगू काय? कुत्रा ठेवून घेतो म्हणून?”

“कुत्र्याचं नावसुद्धा काढू नकोस.” ती हसत होती आणि डोळे भरून आले होते. “आधी मला मागणी घाल. बाज्या काय, माझ्यामागून येतोच.”