त्याला पाहिलं की उठणारं पित्त

दवाखान्याच्या खिडकीतून मी दुसऱ्याच्याच काढ्याची पिशवी उचलून आणली, ती चिंग-चिंगमुळे. तिला शू लागली होती, आणि चार वर्षांच्या मुलीला शू लागली की आईला पिशवीवरचं नाव वाचायची सवड नसते.

घरी येऊन मी त्यातली तयार काढ्याची एक छोटी पिशवी गरम करून प्यायले. नेहमीपेक्षा गोडसर लागली. मग सोफ्यावर अशी झोपले, की लेकीने माझ्या दोन्ही गालांवर स्टिकर चिकटवले तरी पत्ता लागला नाही. जाग आली ती फोनने.

"थाम वाय-यी का? मी क्वाँग सीयिन. माझा काढा तुमच्याकडे आलाय. मला मिळालेल्या पिशवीवर तुमचा नंबर होता."

"तुमचा कशावरचा होता?"

"झोप येण्याचा."

"...कळलं मला."

तो हसला. "आणि मी प्यायलो तो?"

"पित्ताचा. अंगावर गांधी उठतात ना, त्याचा. रागाने यकृत तापतं, ती उष्णता कातडीतून बाहेर पडते म्हणे."

"तरीच! आज सकाळपासून मी कुणावर खेकसलोच नाही."

दुसऱ्या दिवशी पिशव्या बदलायला भेटलो. ग्वांगझूत ते ओलसर दिवस सुरू होते, भिंतींना घाम फुटायचा. तो पियानोचे सूर लावायचं काम करायचा, आणि कान मिटता येत नाहीत म्हणून झोपायचा नाही.

"रात्री फ्रिज बेसूर वाजतो," तो म्हणाला.

"मग बंद करा."

"दूध नासतं हो."

चिंग-चिंग खिदळली. मग आम्ही तिळाची गरम खीर खायला गेलो. मग पुन्हा एकदा गेलो. पुढे तो आमच्या घरचा पियानो बघायला आला. आमच्याकडे पियानो नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. त्याने चिंग-चिंगचा खेळण्यातला झायलोफोन मांडीवर घेऊन गंभीरपणे तपासला. "'सा' जरा रुसलाय," म्हणाला. आणि जाता जाता माझ्या बाहीवर चिकटलेला तीळ त्याने बोटाने हळूच उडवला.

माझी मान पेटली.

मी न्हाणीघरात जाऊन आरशात पाहिलं. गळ्यापासून कानापर्यंत गांधी!

माझ्या मानेचं सांगायला हवं. चिंग-चिंगच्या बापाची किल्ली दारात फिरली की ती अशीच पेटायची. मन म्हणायचं, होईल सगळं नीट. मान म्हणायची, नाही. मानेचं खरं ठरलं. घटस्फोट झाला आणि कातडी आपोआप निवळली. आता आई नवी स्थळं दाखवायला लागली, तशा गांधी परत आल्या आणि मी एकेकाला नकार देत गेले. मला एकदा चुकणं परवडलं. चिंग-चिंगला घेऊन पुन्हा चुकणं परवडणार नव्हतं.

म्हणून मी क्वाँगला सांगितलं, "आपण आता भेटायला नको."

"का? माझं काही—"

"नाही. तुमचं काही नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. चिंग-चिंग मात्र रोज विचारायची, "झायलोफोनवाले काका कुठे गेले?"

अखेर मी दवाखान्यात गेले. आधी वरच्या मजल्यावर, त्वचेच्या डॉक्टर माई सरांकडे. विचारलं, "एखाद्या माणसाला बघून गांधी उठल्या, तर तो माणूस वाईटच ना?"

ते चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, त्वचेला माणसं ओळखता येत नाहीत. काळीज धडधडलं, अंग तापलं, की नसा त्वचेला निरोप धाडतात आणि त्वचा फुगते. भीतीने उठतं, धावलं की उठतं, तिखटानेही उठतं. तासाभरात उतरतं. गोळी देतो."

गोळी घेतली, पण पटलं नाही. खाली उतरून काढा देणाऱ्या डॉक्टर आऊ बाईंसमोर मनगट ठेवलं. त्यांची तीन बोटं नाडीवर बराच वेळ टेकलेली.

"राग आलाय कुणाचा?"

"नाही."

"काळजी?"

"ती असतेच."

"दुःख? भीती?" त्यांनी बोटं किंचित दाबली. "कोण आहे?"

मी गप्प. नाडी कसली गप्प बसते!

"माणसाला आजारी पाडणाऱ्या भावना सात. राग, काळजी, विचार, दुःख, भीती, दचकणं. सातवी कोणती?"

शाळकरी पोरीसारखं मी उत्तर दिलं, "आनंद."

"हो ना? तोही उष्णच. एकदम आला की आवरत नाही."

"पण बाई... कोणत्या भावनेने उठलंय, ते ओळखायचं कसं?"

"उठतं तेव्हा पळून जावंसं वाटतं, की थांबावंसं?"

मी आठवून पाहिलं. नवऱ्याची किल्ली ऐकू आली की मी लेकीला उचलून आतल्या खोलीत जायची. आणि त्या दिवशी? आरशात मान पाहिली, आणि क्वाँग निघून जाईल म्हणून नळ तसाच वाहता ठेवून बाहेर धावले होते.

रविवारी सकाळी मी त्याला चहाघरात बोलावलं. तो लवकरच येऊन बसला होता. आम्हा मायलेकींना पाहून उभा राहिला, आणि माझ्या मानेने लगेच वर्दी दिली.

"हे काय झालं?" तो घाबरला. "डॉक्टरकडे जायचं?"

"जाऊन आले. तुम्हाला पाहिलं की होतं." एवढं बोलताना कानही पेटले. "त्या दिवशीही झालं होतं. मला वाटलं, तुम्ही वाईट आहात."

"आणि आता?"

"आता वाटतं..." मी चहाच्या किटलीकडे बघत म्हटलं, "मला तुम्ही फार आवडता."

तो हळूच म्हणाला, "खाजतं का खूप? मी जरा लांब बसू?"

"इथेच बस," मी म्हटलं.

"आई, तुझी मान टोमॅटो झालीये," चिंग-चिंग म्हणाली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर चढली.

त्याने माझ्या कपात चहा ओतला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आभाराची दोन बोटं मी टेबलावर टकटकवली. त्या बोटांवर त्याने आपला हात ठेवला. मान आणखीच भडकली.

मी बोटं काढून घेतली नाहीत.